बावन्न नंबरचा रस्ता सोडून बाकी सगळं

सांगली, १४ सप्टेंबर २०२५

सयु,

गेल्या रविवारी मी फोन मधेच ठेवला. रेंज गेली असं नंतर मेसेजमध्ये लिहिलं ते खोटं होतं, सांगलीत रेंजला काय धाड भरलीय. तू म्हणलीस, "आई, मी कोलंबस सोडून परत वेस्ट व्हर्जिनियात, वेल्चला डॉक्टरकी करायला जातेय. तू स्वतः एकतीस वर्षं राहिलीस ना तिथे, मग मला कुठल्या तोंडाने नको म्हणतेस?" आणि मला उत्तर सुचेना म्हणून लाल बटण दाबलं. त्याआधी तुला वेड लागलंय का असं म्हणाले ते मात्र मनापासूनच म्हणाले होते, ते मागे घेत नाही. किंवा घेते. पत्र संपेपर्यंत बघू.

काल बाबांची तिथी झाली. गुरुजी गेल्यावर जरा आडवी झाले आणि डोक्यात परत तुझ्याशीच भांडत बसले, म्हणून म्हणलं आता लिहूनच टाकावं. बोललं की आपोआप टाइप होतं असं दादाने शिकवलंय पण ते दर वेळी वेल्चचं वेलची करतं, तेव्हा हे सगळं एका बोटाने चाललंय, चुका सांभाळून घे.

एक ठरवून बसलेय. ब्लूफिल्डहून वेल्चला येणाऱ्या त्या बावन्न नंबरच्या घाटरस्त्याबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. तू छत्तीस वर्षांची आहेस, पोटात असल्यापासून त्या रस्त्यावर फिरलीयेस, कुठल्या वळणावर दरड येते ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहिती. तर ते सोडून बाकी सगळं.

फेब्रुवारीत वेल्चला पूर आला तेव्हा तू गाडीत पाण्याच्या बाटल्या आणि ब्लीच भरून गेलीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तू पाठवलेल्या व्हिडिओत मॅकडॉवेल स्ट्रीटवरून चॉकलेटी पाणी चाललंय आणि मागे तुझा आवाज, "आई, बघ, आपली लायब्ररी". आपली म्हणालीस. कोलंबसमध्ये अकरा वर्षं राहून तिथल्या एकाही गोष्टीला तू आपली म्हणल्याचं मी ऐकलं नव्हतं, त्या सोफ्यालासुद्धा नाही. त्याच दिवशी मी मालूमावशीला म्हणलं की ही आता जाणार.

आम्ही तिथे पोचलो तो १९८१ चा नोव्हेंबर. बाबांची डॉक्टरकीची रेसिडेन्सी संपली होती, व्हिसाच्या भानगडी होत्या, आणि अमेरिकन डॉक्टरांना कोळशाच्या डोंगरात जाऊन राहायचं नसायचं म्हणून तिथल्या कितीतरी हॉस्पिटलांतून आमच्यासारखी माणसं भरलेली होती, गुजराती, तेलुगू, फिलिपिनो, पाकिस्तानी. बाबा म्हणाले दोन वर्षं काढू आणि मग शिकागोला जाऊ. दादा मागच्या सीटवर ओकत होता. ब्लूफिल्ड सोडल्यावर दर वळणाला मला वाटायचं आता गाव येईल, आणि वळणावरून यायचा तो कोळशाचा ट्रक, अंगावर आल्यासारखा, एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला कडा, मधे ही एवढीशी पट्टी. मेबेरी, नॉर्थफोर्क, कीस्टोन, किंबल, एकाला लागून एक, सगळी गावं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी त्या ओढ्याच्या कडेने. हे रस्त्याबद्दल झालं बघ. असू दे, हे जुनं आहे, हे चालतं.

गाव आलं तेव्हा मला रडू आलं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. एल्कहॉर्नचा ओढा टग नदीला मिळतो त्या बेचक्यात ठेवल्यासारखं गाव. हिवाळ्यात तर दुपारीच सूर्य डोंगराआड, चार वाजता दिवे लावायचे. पण त्या घळीत काय उंच उंच विटांच्या इमारती गं! बँका, हॉटेलं, दगडी कोर्ट, त्यावर घड्याळाचा मनोरा. आणि ती पार्किंगची बिल्डिंग. मी बाबांना म्हणलं, एवढ्याशा गावाला मजल्यांवर मजले पार्किंग कशाला, गाड्या कुठायत? नंतर कळलं की नगरपालिकेने स्वतः बांधलेली ती देशातली पहिली पार्किंगची इमारत, १९४१ ची. सपाट जागाच नव्हती ना, आणि शनिवारी पगार घेऊन सगळ्या घळींतले खाणवाले खाली उतरायचे. बाबांचे म्हातारे पेशंट सांगायचे की फुटपाथवर पाय ठेवायला जागा नसायची, बायका नटूनथटून यायच्या, आणि माणसं रस्त्याच्या मधून चालायची. १९५० च्या जनगणनेत त्या जिल्ह्यात ९८,८८७ माणसं होती. २०२० ला १९,१११. मी आकडे सांगतेय कारण तू फोनवर म्हणालीस "गाव परत उभं राहतंय आई". राहू दे बाई, मला आनंदच आहे, पण डोळे उघडे ठेवून जा एवढंच.

तुझे बाबा पेशंट बघायचे आणि मी बाहेर बिलिंग करायचे, म्हणजे खरं गाव माझ्यासमोरच्या खुर्च्यांवर बसलेलं असायचं. बाबांना फुप्फुसं माहिती होती, मला बाकीचं. हंगेरीहून आलेल्याचा नातू, इटालियन गवंड्याची मुलगी, अलाबामाहून आलेल्या काळ्या खाणकामगारांची तिसरी पिढी, सगळे एका रांगेत खोकत बसलेले. तिथला पोकाहॉन्टसचा कोळसा म्हणजे धूर कमी आणि उष्णता जास्त, अमेरिकेच्या नेव्हीची जहाजं त्यावर चालायची, पोलादाच्या भट्ट्यांना कोक त्याचा. रेल्वे आली आणि त्या जंगलातल्या घळींत दहा-वीस वर्षांत जगभरची माणसं येऊन पडली. घर कंपनीचं, दुकान कंपनीचं, पगारसुद्धा कंपनीच्या टोकनांत, ते टोकन कंपनीच्याच दुकानात चालणार. मालक लोक तिकडे ब्रॅमवेलला बंगल्यांत. पैसा त्या रेल्वेनेच बाहेर गेला, म्हातारे म्हणायचे, कोळशाच्या मागच्या डब्यात बसून.

वेल्च जिल्ह्याचं ठिकाण झालं ते १८९२ ला, त्याआधी पेरीव्हिल होतं. मतदानात वेल्च जिंकलं तरी दंगा नको म्हणून कागदपत्रं रात्री गाड्यांत घालून गुपचूप हलवली म्हणे. सांगली-मिरजेत असलं काही झालं असतं तर अजून कोर्टात तारीख पडत असती.

तुला आठवतं तुझं आठवीचं वेस्ट व्हर्जिनियाच्या इतिहासाचं प्रोजेक्ट? कोर्टाच्या पायऱ्यांवर फोटो काढायचा होता आणि तुला कुणी मैत्रीण मिळेना म्हणून मी माझी काळी छत्री घेऊन चेंबर्सची बायको झाले होते. साडीवर स्वेटर, आणि हातात छत्री उगारलेली! १ ऑगस्ट १९२१. मेटवानचा पोलीसप्रमुख सिड हॅटफिल्ड आणि त्याचा मित्र एड चेंबर्स, दोघं हातात काही नसताना बायकांबरोबर त्या पायऱ्या चढत होते आणि खाणमालकांनी पोसलेल्या बाल्डविन-फेल्ट्स डिटेक्टिव्ह एजन्सीच्या माणसांनी त्यांना वरून गोळ्या घातल्या. कारण काय, तर आदल्या वर्षी मेमध्ये मेटवानला खाणवाल्यांना घरातून बाहेर काढायला आलेल्या त्याच एजन्सीशी झालेली गोळीबारी, त्यात दहा माणसं मेली होती. चेंबर्सच्या बायकोने छत्रीने त्या मारेकऱ्याला बडवलं. शिक्षा कुणालाच झाली नाही. त्या महिन्याच्या शेवटी हजारो खाणकामगार बंदुका घेऊन ब्लेअर माउंटनवर चालून गेले, शेवटी फौज बोलवावी लागली. तू हे सगळं वर्गात सांगितलंस, आणि मागच्या बाकावरचा तो लाल केसांचा मुलगा म्हणाला माझे पणजोबा त्या मोर्चात होते, आणि तू घरी येऊन मला विचारलंस, "आपले पणजोबा कुठे होते?" मी म्हणलं तासगावला, द्राक्षं अजून आली नव्हती, शाळू करत होते. तू हिरमुसलीस. मला तेव्हा हसू आलं, पण रात्री झोप लागली नाही. मला वाटलं हिला कुठलं तरी एक गाव हवंय आणि आपण तिला दोन अर्धी अर्धी दिलीत.

आता बहुतेक तू त्यातलं एक अर्धं उचललंयस. मला त्याचं वाईट वाटलेलं नाही. म्हणजे वाटलंय, पण ते सांगली सुटल्याचं आहे, ते तुझं नाही.

बरं, कामाचं बोलते. तू सांगितलंस की क्लिनिक नॉर्थफोर्कच्या बाजूला आणि राहायचं वेल्चला, आणि आठवड्यातून दोनदा ब्लूफिल्डच्या आयसीयूला राउंड. म्हणजे नेमकं बाबांचंच टाइमटेबल. हे कुणी ठरवलं? तू मागून घेतलंस का? तसं असेल तर सांगू नकोस मला. पण दोनदा म्हणजे महिन्यातून आठ-नऊ वेळा जाऊन येऊन, आणि त्यातले अर्धे वेळा अंधार पडल्यावर, कारण आयसीयूचं काम पाचला संपत नाही हे मला पाठ आहे. ब्लूफिल्डला एक खोली भाड्याने घेऊन ठेव ना. स्वस्त मिळेल. राउंड संपला की तिथेच झोपायचं आणि सकाळी उजेडात यायचं. दादा म्हणाला तो भाडं द्यायला तयार आहे. मी त्याला बोलायला लावलं नाही, तो स्वतः म्हणाला. जवळजवळ स्वतः.

झालं माझं. रस्ता संपला.

काळ्या फुप्फुसाचं, म्हणजे कोळशाच्या धुळीने फुप्फुसं गेलेल्या खाणवाल्यांचं, काम तू करणार म्हणून मला किती अभिमान वाटतो ते फोनवर सांगायचं राहूनच गेलं, कारण मी ओरडत होते. त्यांच्या भरपाईची ती पत्रं मी टाइप करायचे माहितीये ना, आधी टाइपरायटरवर, मग त्या करड्या कॉम्प्युटरवर. "या रुग्णाने २२ वर्षं जमिनीखाली काम केले असून" इथून सुरू. क्ष-किरणावरचे ठिपके मोजून त्यांचे ग्रेड द्यायचे, एक-शून्य, दोन-एक, आणि मोठे गोळे झाले की ए, बी, सी. बाबांनी असे ग्रेड द्यायची ती बी-रीडरची परीक्षा दिली तेव्हा जेवणाच्या टेबलावर दोन महिने फिल्मी पसरलेल्या, आपण ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. १९६९ च्या कायद्याने भरपाई मिळायला लागली, तीपण आपोआप नाही, आदल्या नोव्हेंबरात फार्मिंग्टनला स्फोटात ७८ माणसं गेली आणि मग हजारो कामगार काम टाकून चार्ल्सटनला विधानसभेपुढे जाऊन बसले तेव्हा. तरी कंपनीचा वकील स्वतःचा डॉक्टर आणायचा, तो म्हणायचा ही सिगारेट आहे, मग अपील, मग परत फिल्म. माणूस मरायचा आणि बायकोच्या नावाने फाईल पुढे चालू. पंधरा वर्षं खाणीत काढलेल्याला पुराव्याचं ओझं कमी करणारी तरतूद २०१० ला सिनेटर रॉबर्ट बर्डने परत आणली, त्या दिवशी बाबांनी शिरा करायला सांगितला. साजूक तुपातला.

आणि ते संपलं नाहीच. बाबा गेले २०१६ ला, आणि २०१८ ला तो रिपोर्ट आला की मध्य अ‍ॅपलाचियात पंचवीस वर्षं काम केलेल्या खाणवाल्यांत पाचात एकाला हा आजार आहे. चांगले थर संपले, आता पातळ थर कापताना कोळशापेक्षा दगडच जास्त कापतात, त्यातली सिलिका आत जाते, म्हणून चाळिशीतली पोरं ऑक्सिजनवर. बाबा हे १९९८ पासून सांगत होते. त्यांची वही दादाच्या गॅरेजमध्ये आहे, फिल्मी बघायचा तो निळा व्ह्यू बॉक्ससुद्धा, ट्यूब बदलून घे. आता सगळं स्क्रीनवर असतं हे मला माहिती आहे. तरी घेऊन जा.

१९८६ तुझ्या जन्माआधीचं. त्या वर्षी यूएस स्टीलने शेजारच्या गॅरी गावच्या खाणींतून अंग काढून घेतलं. आधीची तीन-चार वर्षं कामं जातच होती, पण तोवर माणसं म्हणायची, परत बोलवतील, दर वेळी बोलवतात. त्यानंतर कुणी म्हणेना. क्लिनिकमध्ये येणाऱ्यांचे इन्शुरन्स गेले आणि मग टोमॅटो यायला लागले. टोमॅटो, अ‍ॅपल बटर, बरण्यांत घातलेल्या शेंगा, एकदा अख्ख्या हरणाची तंगडी, ती मी देशस्थ बाई हातात धरून दारात उभी. एप्रिलमध्ये रॅम्प्स. पहिल्यांदा मला वाटलं ही कसली पातीच्या लसणीची बहीण, ठेचा करून बघितला, पांढऱ्या मक्याच्या पिठाची भाकरी केली, आणि पुलाजवळच्या त्या आजी, काळ्या, ज्यांच्या मिस्टरांचं नाव किंबलच्या वॉर मेमोरियलच्या कार्यक्रमात वाचायचे, त्या एक घास खाऊन म्हणाल्या, हनी, तू आमच्यातलीच आहेस, फक्त तुला कुणी सांगितलं नाही. ते मेमोरियल १९२८ चं, पहिल्या महायुद्धातल्या काळ्या सैनिकांसाठी देशात बांधलेलं पहिलं. हे तुला माहितीये. तुझा पियानोचा कार्यक्रम त्यांच्या चर्चमध्ये झाला होता आणि तू मधलं पान विसरलीस आणि सगळे "टेक युअर टाइम बेबी" म्हणाले. सांगलीत असते तर म्हणाले असते, प्रॅक्टिस कमी पडली.

एक सांगू? तिथे गेल्यावर पडक्या घरांचे फोटो टाकू नकोस. केनेडी निवडणुकीच्या प्रचाराला येऊन गेला १९६० ला, आणि पुढच्या वर्षी २९ मेला त्याच्या नव्या योजनेतले पहिले फूड स्टॅम्प, म्हणजे किराण्याची सरकारी कुपनं, वेल्चमध्ये दिले, ९५ डॉलरचे, पंधरा माणसांच्या घराला, स्वतः कृषिमंत्री आला होता, कॅमेरे घेऊन. तेव्हापासून कॅमेरे येतच राहिले. दर निवडणुकीला कुणीतरी यायचं, खिडक्या फुटलेली इमारत शोधायचं, तिच्यासमोर उभं राहून गंभीर चेहरा करायचा आणि संध्याकाळी शार्लटची फ्लाइट. आमच्या क्लिनिकमध्येही एकदा आले होते, मला विचारलं तुम्हाला इथे कसं वाटतं, मी म्हणलं रेशन आणायला लांब पडतं. ते त्यांनी दाखवलं नाही. गावाचा स्वतःचा पेपर होता तोपर्यंत तिथल्या लग्नाबारशांच्या बातम्या तरी यायच्या, तोही २०२३ ला बंद पडला. वॉलमार्ट तर आधीच गेलं, २०१६ च्या जानेवारीत.

आणि कुणाला बिचारं म्हणू नकोस. औषधं का घेतली नाहीत म्हणून ओरडू नकोस, आधी विचार पाणी येतंय का घरात. कुणी चर्चला बोलावलं तर जा, प्रसाद समजून केक खा. तुझ्या शाळेतली किती पोरं त्या पेनकिलर गोळ्यांच्या व्यसनाने नेली ते तुला माहितीच आहे, तुझ्या ग्रॅज्युएशनच्या फोटोकडे मी आता बघत नाही, तुझ्याकडे त्यांच्यातल्याच कुणाची तरी आई येईल आणि म्हणेल तू किती मोठी झालीस गं, तेव्हा तू काय करशील ते आधी ठरवून ठेव. पहाटे दोनला फोन आला तरी प्रत्येक वेळी उठून जायचंच असं नाही, फोनवर बोलता येतं, अँब्युलन्स बोलवता येते. प्रत्येकाला तूच

थांबते. लेक्चर झालं. बाबा म्हणायचे तुझी आई सल्ला देत नाही, सलाइन लावते. सॉरी.

तर आता ते सांगते ज्यासाठी खरं हे पत्र आहे, मला आत्ता लिहिता लिहिताच कळलं.

बाबा ब्लूफिल्डहून निघताना घरी एक रिंग द्यायचे. उचलायचं नाही, पैसे लागत नाहीत. एक रिंग म्हणजे निघालो. मग मी एक तास मोजायचे. घड्याळ बघत नव्हते, भांडी घासत मोजायचे, आता कोलडेलचा चढ, आता कीस्टोन, आता किंबलचं वळण. तासाचा सव्वा तास झाला की मी पायऱ्या उतरून खाली रस्त्यावर यायचे, बहात्तर पायऱ्या, बर्फातसुद्धा. तुम्ही दोघं झोपलेले. एकतीस वर्षं, आठवड्यातून दोनदा. तू म्हणालीस ना मी तिथे राहिले, तर मी अशी राहिले.

८ जुलै २००१, तो रविवार होता. बाबा पहाटेच राउंडला गेलेले, सकाळपासून पाऊस, आणि त्यांनी निघताना रिंग दिली. त्यानंतर तासाभरात एल्कहॉर्न रस्त्यावर. आपल्या कृष्णेचं कसं असतं, कोयनेतून पाणी सोडलं की कळतं, आयर्विन पुलावर फूट मोजत लोक उभे असतात, चाळीस झालं, पंचेचाळीस झालं, माणूस गाद्या वर नेतो, गुरं सोडतो. २०१९ ला सत्तावन्न फुटांच्या वर गेलं तेव्हाही मला भीती कमी वाटली, चिडचिड जास्त झाली. तिथे तसं नाही. तिथे डोंगर उतरून पाणी एकदम येतं आणि त्याला पसरायला घळीत जागाच नसते, रेल्वे, रस्ता आणि ओढा तिघांना मिळून एकच गल्ली. दुपारी फोन बंद पडले. तू बारा वर्षांची, खिडकीत बसून विचारत होतीस बाबा कुठायत, आणि मी म्हणलं आत्ताच फोन आला होता, ते ब्लूफिल्डलाच थांबलेत, जेवले पण.

फोन आला नव्हता गं. मला काही माहिती नव्हतं. मी तुला गोड वरणभात भरवला, बारा वर्षांच्या घोडीला, आणि देवापाशी बसले तर अथर्वशीर्ष आठवेना. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले, कीस्टोनपासून रुळांच्या कडेने चालत, पायात एकाच पायाचा बूट, दुसऱ्या पायाला कुणाचा तरी गमबूट. गाडी कुठे गेली ते शेवटपर्यंत कळलं नाही. रात्रभर चर्चच्या वरच्या खोलीत तीस माणसांचं बीपी बघत बसले होते. घरी आल्यावर त्यांनी मला पहिलं काय विचारलं असेल? "सई घाबरली का?" मी म्हणलं नाही, मी खोटं बोलले. ते म्हणाले छान केलंस, आणि जिन्यात बसून रडले. आठ महिन्यांनी शिकागोहून चांगली ऑफर आली, मी सामानाची यादीसुद्धा केली होती, आणि त्यांनी नाही म्हणून सांगितलं. म्हणाले त्या खोलीतल्या तीस माणसांचा डॉक्टर आता मीच आहे. मी दोन आठवडे बोलले नाही त्यांच्याशी. त्याच मे महिन्यात परत पूर.

तेव्हा मी तुला वेड लागलंय म्हणाले ते तुला म्हणाले नव्हते, एवढं समजून घे.

गॅरेजच्या वहीबरोबर पत्र्याचा एक डबा आहे, त्यात कंपनीच्या दुकानाची टोकनं आहेत, पेशंटने फी म्हणून दिलेली, ती फेकू नकोस. लोणच्याची बरणी आणि गोडा मसाला मालूमावशीच्या जावयाबरोबर पाठवतेय, तो २८ तारखेला शार्लटला उतरतोय. थर्मल आत्ताच घेऊन ठेव. टायर कुठले घेतलेस ते सांग. फोर-व्हील ड्राइव्हची गाडी आहे ना? असू दे, दादाला विचारते.

तिथली रात्र म्हणजे माझी सकाळ. तू अकराला निघालीस तर इथे साडेआठ वाजलेले असतात, मी फुलं तोडून आलेली असते, काही काम नसतं मला. ब्लूफिल्डहून निघताना एक रिंग दे. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, ते कधी वाजतं कधी नाही, साधा फोन. मी उचलणार नाही.

आई

ता.क. अगं, किंबलच्या अलीकडे डाव्या हाताला डोंगरातून पाइपने झऱ्याचं पाणी येतं, जिथे लोक कॅन भरायला थांबतात, ते अजून चालू आहे का बघ. बाबांचा चहा त्या पाण्याचाच असायचा. आणि घर घेशील तर आधी ओढ्यापासून किती पायऱ्या वर आहे ते मोज, बहात्तरच्या खाली घेऊ नकोस.